लिफ्टला बांधलेला कलावा

ज्यांनी मला पाइप हातात धरायला शिकवलं त्या मिस्त्रीजींना मी लिफ्टच्या परीक्षेत नापास केलं, आणि तेही सगळ्या साइटसमोर. त्याला आता दोनेक वर्षं होतील. तरी बबीना रोडवरून जाताना त्या गोदामाचं निळं छप्पर दिसलं की माझे कान गरम होतात. नापास केलं म्हणून नव्हे. ते बरोबरच होतं, आजही तेच करीन. ज्या तऱ्हेने केलं त्याची लाज वाटते.

मी झाशीचीच. आमचे कुणी पूर्वज दप्तर सांभाळायला महाराष्ट्रातून इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी आहे, म्हणजे आई मराठी बोलते आणि मी तिच्याशी वाद घालण्यापुरती बोलते. बाकीचा सगळा दिवस हिंदीत जातो. आमच्या कंपनीचं काम आगीपासून बचावाचं. मोठाल्या गोदामांच्या छताखाली पाण्याचे पाइप टाकायचे आणि त्यांना ठरावीक अंतरावर स्प्रिंकलर लावायचे. आग लागली की स्प्रिंकलरमधली काचेची बारीक नळी तापून फुटते आणि पाणी सुटतं. डिप्लोमा करून मी इथे लागले तेव्हा मला नकाशावरचा पाइप समजायचा, हातातला नाही.

हातातला मिस्त्रीजींनी शिकवला. ते समथरकडचे, आमचे हेड फिटर. माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडून एक जोड चार वेळा आवळून घेतला आणि चारही वेळा स्वतः सोडवला. "अबै नईं, बिन्नू," एवढंच म्हणायचे. अजून नाही. बिन्नू म्हणजे बुंदेलीत लाडाची बहीण किंवा लेक. पाचव्यांदा त्यांनी जोडाला पाना लावला, तो हलला नाही, आणि ते काही न बोलता चहा प्यायला निघून गेले. इंजिनिअरिंगच्या कुठल्याही परीक्षेने मला इतका आनंद दिलेला नाही.

पुढे मी सेफ्टीचा कोर्स केला आणि कंपनीने मला सेफ्टी ऑफिसर केलं. घरचे म्हणतात, स्वभावाला साजेसं काम मिळालं. माझ्या नाकावर राग कायम तयार असतो आणि दुसऱ्याची चूक मला फर्लांगभरावरून दिसते. ज्या दिवशी मी ते वेगळ्या रंगाचं हेल्मेट डोक्यावर घातलं त्या दिवसापासून मिस्त्रीजी मला बिन्नूऐवजी मैडमजी म्हणायला लागले. त्यात मान किती आणि टोमणा किती हे मला कधीच नीट कळलं नाही. विचारायची हिंमतही केली नाही.

तोपर्यंत आमचं वरचं काम बांबूच्या परांचीवर नाहीतर शिडीवर चालायचं. मग सीझर लिफ्ट आली. खाली चाकं, मधे कैचीसारख्या एकमेकींवर आडव्या पडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, आणि वर चारी बाजूंनी कठडा असलेला पाट. पट्ट्या उभ्या होत गेल्या की पाट वर जातो, आडव्या झाल्या की खाली येतो. मिस्त्रीजींना ती पहिल्या दिवसापासून आवडली आणि तिच्यावर विश्वास पहिल्या दिवसापासून नव्हता. कठड्याला कमरेचा सेफ्टीचा पट्टा अडकवायची कडी असते. ती सोडून ते आपला पट्टा छताच्या पाइपाला अडकवायचे. मी खालून ओरडले की म्हणायचे, ही लिफ्ट कुणी बनवली कोण जाणे, पाइप मात्र मी लावलाय. हा अभिमान फिटर लोकांनाच असू शकतो. आता पाइप कितीही मजबूत असला तरी खालची लिफ्ट सरकली किंवा उतरली तर माणूस वर कपड्यासारखा लटकत राहील, हे मी त्यांना कितीदा समजावलं त्याला गणती नाही. शेवटी पाइपाला पट्टा लावला तर आठवडाभर वर जाणं बंद, असा नियम केला, तेव्हा कुठे ते ऐकले.

मग ते मोठं गोदाम आलं. त्या कामावर अट होती की पहिल्या काही आठवड्यांनंतर लिफ्टचं कार्ड ज्याच्याकडे असेल तोच वर जाईल. कार्डासाठी परीक्षा. सकाळी मशीनभोवती फिरून तपासायचं, टायर, तेलाची गळती, कठडा, लाल बटण. किती वजन चालतं ते सांगायचं. लिफ्ट चालवून दाखवायची. आणि सगळ्यात शेवटी, वर कुणी अडकलं तर खालून त्याला उतरवून दाखवायचं. लेखी काही नव्हतं, सगळं हाताने आणि तोंडाने. परीक्षा घ्यायची मी. ज्याला कार्ड नाही त्याने खाली मशीनवर बसून पाइपांना आटे पाडायचे. ते काम वाईट नाही, पण ज्याचं सारं आयुष्य छताला हात लावण्यात गेलं त्याला ते काम देणं म्हणजे त्याला घरी बसवणंच. मिस्त्रीजी हे जाणून होते आणि मीही. दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं, इतकंच.

परीक्षेच्या तीन दिवस आधी विश्वकर्मा पूजा झाली. आमच्याकडे त्या दिवशी पान्यापासून ट्रकपर्यंत सगळ्यांना टिळा लागतो. लिफ्ट धुतली, तिच्या अंगावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, कठड्याला झेंडूच्या माळा घातल्या. मिस्त्रीजींनी नारळ फोडला आणि लिफ्टला कलावा बांधला. कलावा म्हणजे पूजेचा लाल-पिवळा दोरा, मनगटाला बांधतात तो. मी हात जोडले, बुंदी खाल्ली, माळेची फुलं चाकात जाणार नाहीत ना तेवढं बघितलं. दोरा नेमका कुठे बांधलाय ते बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी माळा काढून टाकल्या. कलावा राहिला. पूजेचा दोरा कोण काढणार?

परीक्षेच्या दिवशी मिस्त्रीजी अंघोळ करून, मिशीला तेल लावून आले होते. तपासणी त्यांनी फार सुंदर केली. मी शिकवलेली नव्हती अशी एक गोष्टही दाखवली, मागच्या चाकाजवळ जमिनीत झाकण असलेला खड्डा होता, तिथे लिफ्ट नेणार नाही म्हणाले. मी मनातल्या मनात पास करून टाकलं होतं. मग ते वर गेले. दोन पाइप बरोबर होते. लिफ्ट छतापाशी थांबली, ते पाइप उचलायला वळले, पाइपाचं टोक चालवायच्या दांड्याला लागलं, आणि लिफ्ट आपणहून वर उचलली गेली. फार नाही, वीतभर असेल. वर लोखंडी तुळई होती. हेल्मेट तुळईला लागल्याचा आवाज मला खाली ऐकू आला. मी खालचं लाल बटण दाबलं आणि सगळं थांबलं. मिस्त्रीजी मान तिरकी करून, कठडा आणि तुळई यांच्या मधल्या जागेत उभे होते, आणि हसत होते.

असं व्हायला नको असतं. चालवायच्या दांड्याला पुढच्या बाजूने एक खटका असतो. खटका बोटांनी दाबून धरला तरच दांडा काम करतो; बोट सुटलं की मशीन जागच्या जागी थांबतं. म्हणजे चुकून पाइप लागो, कोपर लागो, काही होत नाही. मी लिफ्ट खाली आणवली, पाटावर चढले आणि बघितलं. खटका दाबलेल्या अवस्थेत बांधून टाकलेला होता. कलाव्याने. सात-आठ वेढे, वर पक्की गाठ, गाठीवर कुंकू.

माझा पारा असा चढला की मला पुढचं मागचं काही दिसेना. बटणाला दोरी बांधणारे मी पाहिले होते, टेप लावणारे पाहिले होते. टेप मी उपटून फेकली असती आणि त्यांनाही वाईट वाटलं नसतं. पण इथे देव मधे घातला होता, तीन दिवस सगळी माणसं त्या खटक्याला नमस्कार करून वर जात होती, आणि त्यातल्या कुणाचीही मान त्या तुळईखाली सापडली असती. मी खिशातली कात्री काढली आणि कलावा कापला. सगळे बघत होते. मी म्हणाले, "मिस्त्रीजी, आप फेल."

मिस्त्रीजींचं हसू गेलं. त्यांनी आधी कापलेल्या दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मैडमजी," ते म्हणाले, "नियम आप नीचे खड़ी होके लिखती हो. ऊपर गई हो कभी?"

ते खरं होतं. मी कधी वर गेले नव्हते. मला उंचीची भीती वाटते. दोन माणसांच्या उंचीवर गेले की पोटऱ्या लटपटतात. इतकी वर्षं मी ते झाकून ठेवलं होतं. वर जायचं असलं की नेमकं तेव्हाच मला कागदपत्रांचं काम निघायचं. मला वाटत होतं कुणाला कळलं नाही. मिस्त्रीजींना कळलं होतं आणि ते इतकी वर्षं गप्प होते, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनी हेल्मेट काढून आटे पाडायच्या मशीनवर ठेवलं आणि ते गेटबाहेर चालते झाले. कापलेला कलावा मी उचलून खिशात ठेवला. का, सांगता येत नाही. टाकवेना एवढं खरं.

संध्याकाळी सिव्हिल लाइन्सला घरी आले तर आईने चेहऱ्यावरून ओळखलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बरोबर केलंस, जीव वाचवलास. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बटण बांधलं ते चूकच. पण दोरा कातरीने कापलास?"

"मग काय करू? दातांनी तोडू?"

"सोडायचा. पूजेचा दोरा सोडतात गं, कापत नाहीत. दोन मिनिटं लागली असती गाठ सोडवायला."

"आई, तिथे माणूस मरता मरता वाचला."

"वाचला होता ना? लिफ्ट खाली आली होती ना?" आई म्हणाली. "मग दोन मिनिटं होती तुझ्याकडे."

मी ताडकन उठून आत गेले. आईशी वादात मी हरते ती अशीच. फडताळातून एक छोटी डबी काढली आणि खिशातला कलावा तिच्यात ठेवून दिला.

मिस्त्रीजी दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. गावी गेलेत, असं कळलं. फोन उचलत नव्हते. साइटवर काम चालू होतं, पण चालल्यासारखं वाटत नव्हतं. माझ्याकडे येऊन कुणी काही बोलत नव्हतं. सगळे नियम असे पाळत होते जसे शाळेत नवा, मारकुटा मास्तर आला की मुलं पाळतात. मला ते बघवेना. रागावणारी मीच, हुकूम सोडणारी मीच, आणि आता जिथे तिथे मलाच ओशाळवाणं होत होतं. आठवड्याने रविवार आला. मी आईला म्हणाले, समथरला जाऊन येते. तिने विचारलं नाही कशाला. डब्यात बेसनाचे लाडू भरून दिले, म्हणाली, रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

बस बदलत बदलत दुपारपर्यंत पोचले. बाजाराच्या मागे त्यांचं घर. मिस्त्रीजी अंगणात ड्रिल मशीन घेऊन बसले होते. मला बघून उठले, खाट पुढे केली, आत पाणी सांगितलं. पाहुणचारात काही कमी नव्हतं. फक्त माझ्याकडे बघत नव्हते.

मी पाणी प्यायले आणि एका दमात बोलून टाकलं. नापास केलं त्याची माफी मागणार नाही, तो खटका बांधणं म्हणजे कुणाची तरी मान देणं होतं. पण दोरा कापला त्याची माफी मागते. तो सोडायला हवा होता. आणि वर गेले नाही हे खरंय. मला भीती वाटते.

आता त्यांनी वर पाहिलं. "डर लगत है? आपको?"

"हो," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले, घाबरले की मला मराठीच सुचतं. "फार."

ते माझ्यासमोर येऊन बसले. मग त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला आणि मूठ मिटली. अंगठ्याशेजारची दोन बोटं मिटली नाहीत, अर्धवट वाकून तशीच राहिली. पंचवीस-तीस वर्षं पाने आवळून ती अशी झाली होती. सकाळी तर ती अजिबात ऐकत नाहीत, म्हणाले. खटका दाबून धरला की बोटं बधिर व्हायची आणि सुटायची, लिफ्ट मधेच थांबायची, खालचे लोक हसायचे. कुणाला सांगितलं तर खाली बसवतील. म्हणून विश्वकर्म्याच्या दिवशी दोरा तिथे बांधला. देवाचा आहे, कुणी काढणार नाही, असं वाटलं. "सोची कै भगवान थामे रहें," ते म्हणाले. देवच धरून ठेवील, असा विचार केला.

माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी लाडवाचा डबा उघडला. एक माणूस आपली बोटं लपवत होता, एक बाई आपले पाय लपवत होती, आणि दोघं मिळून साइटची सुरक्षा सांभाळत होती. बरं झालं तुळईला हेल्मेटच लागलं.

लाडू खाता खाता मला सुचलं. अगदी साधी गोष्ट होती, इतके दिवस डोक्यात कशी आली नाही याचंच नवल. लिफ्ट चालवायचा दांडा ज्या डब्यावर असतो तो कठड्यावर टांगलेला असतो. तो उचलून दुसऱ्या बाजूला टांगता येतो. नियमात खटका दाबून धरा असं आहे, उजव्या हातानेच धरा असं कुठेही नाही. मिस्त्रीजींनी डाव्या हाताची मूठ मिटून पाहिली. पाचही बोटं मिटली. त्यांनी समोरचं ड्रिल मशीन डाव्या हातात घेतलं आणि त्याचा खटका दाबून धरला. मशीन घरघरत राहिलं, ते आकडे मोजत राहिले. मी आणखी एक लाडू खाल्ला. त्यांनी मशीन बंद केलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तो पाचव्या वेळेचा भाव होता, जोड न हलल्याचा.

"फिर से परीक्षा लेहो?" त्यांनी विचारलं.

"घेईन. पण शेवटच्या भागात वर अडकणारा माणूस मी असेन."

"आप?"

"मी."

दुसरी परीक्षा दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठेवली. ती खंडेनवमी, हे माझ्या लक्षात नव्हतं. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. तलवारी कधीच गेल्या, आता आई विळी, सांडशी आणि माझं हेल्मेट पाटावर मांडते. त्या सकाळी तिने माझ्या खिशातली कात्रीही मागून घेतली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि परत दिली. "हिचा काय दोष," म्हणाली. मी कात्री खिशात घातली. पोहे उतरत नव्हते.

मिस्त्रीजींनी लिफ्ट डाव्या हाताने चालवली. पहिल्यांदा जरा अडखळत, मग नीट. दोनदा मी मुद्दाम सांगितलं, दांड्याला पाइप लावून दाखवा. पाइप लागला, लिफ्ट हलली नाही. आता शेवटचा भाग. त्यांनी लिफ्ट खाली आणली, पाटाचं फाटक उघडून धरलं. मी पट्टा बांधला, त्याचं टोक कठड्याच्या कडीला अडकवलं. मिस्त्रीजींनी ते ओढून पाहिलं, स्वतः पाहिलं, आणि मला हसू आलं. मग ते खालच्या बटणांपाशी गेले आणि लिफ्ट वर निघाली.

भीती वाटली का? पाचावर धारण बसली. मी दोन्ही हातांनी कठडा धरला होता आणि समोरच्या भिंतीवरच्या एका डागाकडे टक लावून बघत होते. डाग खाली खाली जात होता. खालचे आवाज लहान झाले. एके ठिकाणी पाट किंचित झोके घेतो, ते मला माहीत होतं, मीच शिकवते. तरी तो हलला तेव्हा मी आईला हाक मारली. कुणी ऐकली असली तर आजवर कुणी बोललेलं नाही.

मग लिफ्ट थांबली आणि मी मान वर केली. डोक्यावर, हात पोचेल असं वाटावं इतक्या जवळ, मिस्त्रीजींची ओळ होती. गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ लाल पाइप, आणि त्याला समान अंतरावर लटकलेले स्प्रिंकलर, प्रत्येकात ती काचेची बारीक नळी. मी नकाशावर ही ओळ शेकडो वेळा पाहिली होती. खालून मान वर करूनही पाहिली होती. ती इतकी सरळ आहे हे मला माहीत नव्हतं. मला इतका आनंद झाला की क्षणभर पाय लटपटायचे थांबले. मी एक हात कठड्यावरून काढला आणि एका जोडाला लावायला गेले. चार बोटं कमी पडली. टाचा उंचावल्या, तरी पोचले नाही. तेव्हा मला कळलं की लोक कठड्याच्या मधल्या दांडीवर पाय का देतात. त्यासाठी मी किती जणांना किती बोलले होते! खालून बघताना ती चार बोटं दिसतच नाहीत. त्या दिवशी नोंदवहीत मी पहिली ओळ माझ्याविरुद्ध लिहिली: या भागासाठी ही लिफ्ट बुटकी आहे, उंच मागवावी. ती पुढल्या महिन्यात आली.

पण ते नंतर. आधी मला अडकायचं होतं. मी वरचं लाल बटण दाबलं आणि ओरडले, "अटक गई!"

खाली मिस्त्रीजी धावले नाहीत. धावायचं नसतंच. आधी वरच्या माणसाशी बोलायचं, हा नियम मी स्वतः लिहिला होता आणि त्याचा अर्थ मला तोवर कळला नव्हता. ते लिफ्टपासून चार पावलं मागे आले, मला दिसतील असे उभे राहिले आणि म्हणाले, "घबराओ नईं, बिन्नू. हाथ कठहरा के भीतर राखो. हम उतार रये."

बिन्नू. इतक्या वर्षांनी. मी हात आत घेतले. वर कुणी अडकतं तेव्हा मशीनपेक्षा आधी त्याला हे हवं असतं, की खाली उभ्या असलेल्याने आपल्याला ओळखावं.

लिफ्टच्या मागच्या बाजूला, खाली, हाताने उतरवायची मूठ असते. वीज गेली, बटणं बंद पडली, तरी ती ओढली की पाट हळूहळू खाली येतो. कुठल्याही परीक्षेत लोक इथेच वेळ घालवतात. मूठ काळी, सभोवतालचं सगळं काळं, त्यावर धूळ. मिस्त्रीजी सरळ तिथे गेले, वाकले, आणि पाट खाली यायला लागला. भिंतीवरचा डाग पुन्हा माझ्यासमोर आला आणि वर निघून गेला. चाकं दिसली, माणसांचे चेहरे दिसले. फाटक उघडून मी जमिनीवर पाय ठेवला तेव्हा जीव भांड्यात पडला.

मी मागे जाऊन मुठीकडे पाहिलं. मुठीला नवा कलावा बांधलेला होता. लाल-पिवळा, लांबून दिसेल असा. सवयीने माझा हात खिशाकडे गेला, कात्रीकडे. मिस्त्रीजींनी ते पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

"देख लो," मिस्त्रीजी म्हणाले. "दबात कछू नईं. नये आदमी को जा मूठ दूर से दिखाबे के लाने है." काही दाबलेलं नाही, नव्या माणसाला मूठ लांबून दिसावी म्हणून आहे. मग ते जरा जवळ आले. "और गाँठ ऐसी है, बिन्नू, कै अब काटने नईं परे. खेंच के देखो."

मी कात्री खिशातच सोडली. खाली बसले, दोऱ्याचं मोकळं टोक धरलं आणि ओढलं. गाठ एका ओढीत सुटली, दोरा माझ्या हातात आला.

त्यांचं कार्ड मी तिथेच, लिफ्टच्या पाटावर ठेवून सही करून दिलं. मग दोरा परत बांधायला बसले. ती गाठ मला येत नव्हती. मिस्त्रीजी शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी ती एकदा हळूहळू करून दाखवली. मी बांधली, त्यांनी सोडवली. "अबै नईं," ते म्हणाले. मी पुन्हा बांधली.